कापसाचं अस्वल

त्या मंगळवारात लक्षात ठेवावं असं काहीच नव्हतं. नांदेडच्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागाच्या खोलीत मालविका परीक्षेचे गुण भरत बसली होती. डब्यातली मेथीची भाजी अर्धी उरली होती. विभागाचा शिपाई पंढरी तिसऱ्यांदा येऊन सांगून गेला होता की यादी आजच पाहिजे. दोन वाजून दहा मिनिटांनी लातूरहून आईचा फोन आला.

"काय करायलीस?"

"काम. बोल."

"जेवलीस?"

"हो आई. बोल ना."

"काही नाही गं. एक विचारायचं होतं. ते पांढरं अस्वल असतं बघ, बर्फातलं. त्याचं कातडं आतून खरंच काळं असतं का?"

मालविकानं मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि पुढचा आकडा लिहिला. "हो."

"सगळं? पोटाकडचंसुद्धा?"

"आई, मला आज यादी द्यायची आहे. पुनमला सांग, ती नेटवर बघून देईल."

"बरं बरं. तू कर तुझं. आणि येशील तेव्हा उमरीचा कापूस आण थोडा. माझ्याकडचा संपत आलाय."

"आणते."

"आणि ऐक ना..."

"संध्याकाळी करते मी फोन."

संध्याकाळी तिनं फोन केला नाही. विसरली असती तर बरं झालं असतं. पण साडेसात वाजता कुकर लावताना तिला चांगली आठवण झाली होती, आणि आई बोलायला लागली की अर्धा तास जातो म्हणून तिनं तो फोन दुसऱ्या दिवसावर ढकलला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धाकट्या भावाचा, गंधारचा फोन आला. देवघरात फुलं ठेवताना आई खाली बसली होती, ती उठलीच नव्हती.

लोहा, अहमदपूर, चाकूर. साडेतीन तासांचा रस्ता. एवढ्या वर्षांत हा रस्ता तिला लांब वाटत आला होता, म्हणून ती क्वचित येई. त्या दिवशी तो फार लवकर संपला. आईला ओसरीत ठेवलं होतं. नाकात कापसाचे बोळे होते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या कापसाचे, पांढरेशुभ्र. आईला तो कापूस आवडत नसे. "याला जीवच नाही," म्हणायची. कापूस कसा, किंचित पिवळसर आणि सरकीचा वास असलेला पाहिजे. मालविकाच्या मनात आलं, हा काढून दुसरा घालावा. पण असं काही कुणाला सांगता येत नाही.

तेरा दिवस माणसांत गेले. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि दुपारी पुनमनं, गंधारच्या बायकोनं, महालक्ष्म्यांची पेटी बाहेर ओढली.

भाद्रपदात गणपतीपाठोपाठ ज्येष्ठा आणि कनिष्ठा तीन दिवसांसाठी माहेरी येतात. इकडच्या घरांत त्यांच्यापुढं मोठी आरास मांडतात, आणि ती बघायला बायका घरोघर फिरतात. चंद्रप्रभाबाईंची, म्हणजे मालविकाच्या आईची, आरास औसा रोडच्या त्या सगळ्या गल्ल्यांत नावाजलेली होती.

"सुतकात हात लावता येईना," पुनम म्हणाली. "शाडूचे मुखवटे आहेत ताई, पावसाळ्यात दमट धरतात. आई दर आखाडात वाळवायच्या."

जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन मुखवटे निघाले. बांगड्यांच्या खोक्यात पाच पेंग्विन निघाले. गेलेल्या बल्बना काळा-पांढरा रंग देऊन आईनं ते केले होते. आणि तळाशी, एका कापडी पिशवीत, शेळीच्या करडाएवढं काहीतरी होतं. पुनमनं ते काढून फरशीवर ठेवलं.

अस्वल होतं. तोंड, मान, पुढचे पाय पांढरे, मागचं सगळं काळं. कुणीतरी अर्ध्यापर्यंत चुन्यात बुडवून काढावं तसं. पोटापाशी सुई तशीच टोचलेली होती आणि तिच्यात वीतभर पांढरा दोरा लोंबत होता.

मालविका खाली बसली. तिनं काळ्या भागाला हात लावला. कापड घट्ट विणीचं, जुनं, आत चिंध्या ठासून भरलेल्या. त्या कापडावर आईनं कापसाचे लहान लहान पुंजके एकेक टाक्यानं शिवत आणले होते, कौलं चढवावीत तसे, एकावर एक.

"हे काळं कशाला?" तिनं विचारलं. विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

"तुमच्या भाषणात होतं ना," पुनम म्हणाली. "तुमच्या कॉलेजनं यूट्यूबवर टाकलेलं. मीच लावून दिलं होतं आईंना. तीनदा बघितलं त्यांनी. तिसऱ्यांदा वही घेऊन बसल्या."

"कुठलं भाषण?"

"तेच की, अस्वलांचं. कातडं काळं असतं, केस पोकळ असतात, पांढरे नुसते दिसतात. आणि ते उन्हाच्या देशातल्या झूमधलं, केसांत शेवाळ होऊन हिरवी पडलेली अस्वलं. ते ऐकून आईंनी व्हिडिओ थांबवला. मग म्हणाल्या, बरं झालं बाई, हैदराबादला नव्हतं ते."

मालविकाला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. "मला का नाही सांगितलं तिनं?"

पुनमनं मुखवट्यावरची धूळ पुसली. "सांगणारच होत्या. मंगळवारी तुम्हाला फोन लावला होता त्यांनी."

*

हैदराबादचं प्रकरण जुनं होतं. मालविका तेव्हा आठ वर्षांची होती. लातूरच्या गंजगोलाई बाजारात एक कुल्फीची गाडी उभी राहायची. निळ्या रंगाच्या त्या गाडीवर कुणा पेंटरनं पांढरं अस्वल रंगवलं होतं, हातात कुल्फी घेतलेलं, आणि शेजारी टोपी घातलेला पेंग्विन. अस्वल म्हणजे दरवेशाबरोबर येणारं काळं, एवढंच ठाऊक असलेल्या पोरीला त्या पांढऱ्याचं वेड लागलं. हे कुठं असतं, म्हणून ती रोज विचारी. दहावी झालेल्या आईनं एक दिवस सांगून टाकलं, "हैदराबादला. झूत."

तिनं काही खोटं सांगितलं नव्हतं. जगातले सगळे प्राणी हैदराबादच्या झूत असतात, असंच तिला वाटत होतं. तिथं मावशी राहत होती. मे महिन्यात मायलेकी गेल्या. वाघ झाले, पाणघोडा झाला, ऊन डोक्यावर आलं. आईनं एका राखणदाराला गाठून आपल्या हिंदीत विचारलं, "भैया, वो सफेद अस्वल किधर है?"

अस्वल त्याला कळलं नाही. आईनं दोन्ही हात पुढं धरून, नाकानं फुरफुर करून दाखवलं. बघणारे हसले.

"सफेद भालू? वो इधर कां रैता अम्मा, गर्मी में मर जाता. सफेद शेर है, वो देखो."

पांढरा वाघ सावलीत पाठ करून झोपला होता. मालविकानं तिथंच भोकाड पसरलं. परतीच्या गाडीत आई तिला समजावत होती, की ते उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड गावाला जात असेल, शाळेला सुट्टी असते तशी झूलाही असते. आणि त्या वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढं पहिल्यांदा हिमालय झाला. गोणपाटाचे डोंगर, बर्फाच्या गुहेत महादेवाची पिंड, आणि पिंडीशेजारी कापसाचं पांढरं अस्वल. मालविका रात्री त्याच्याशेजारी झोपायचा हट्ट धरायची.

पुढं ती मोठी झाली, नांदेडला शिकली, तिथंच नोकरीला लागली, लग्न होऊन तिथलीच झाली. पांढरं अस्वल तिला जागोजाग भेटत राहिलं. फ्रिजच्या दुकानाच्या पाटीवर, थंड पेयांच्या जाहिरातीत, पोरांच्या दप्तरांवर. बरीच वर्षं ते थंडावा विकत होतं. मग हळूहळू त्याचं काम बदललं आणि ते काळजी विकायला लागलं. बर्फाच्या एवढ्याशा तुकड्यावर उभं असलेलं हडकुळं अस्वल, प्रत्येक परिसंवादात, प्रत्येक फलकावर. मालविकाचं स्वतःचं भाषणसुद्धा त्याच चित्रानं सुरू व्हायचं. लोक हळहळायचे. ती हळहळ खरी असायची, चहापर्यंत टिकायची.

आणि अकरा वर्षांपूर्वी ती महालक्ष्म्यांना लातुरात होती. एरवी ते शक्य नसे. सासरच्या महालक्ष्म्याही त्याच तीन दिवसांत, आणि लेकीनं त्या सोडून माहेरी यायची रीत नाही. त्या वर्षी जाऊ बाळंत झाली, सासरी सोयर आलं, म्हणून मोकळीक मिळाली. घरात तीस-चाळीस बायका दाटल्या होत्या. आई हळदीकुंकू लावता लावता आरास दाखवत होती. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच बल्बचे पेंग्विन केले होते आणि अस्वलाच्या पायाशी ओळीनं मांडले होते.

"आत्ता गं बया, पांढरं अस्वल," कुणीतरी म्हणालं.

"बर्फातलं आहे ते," आई म्हणाली. "पिल्लांची राखण करायलंय."

आणि मालविका म्हणाली. ती हसत म्हणाली होती, हे तिला नंतर अनेकदा स्वतःला सांगावं लागलं. "राखण कसली आई? ही दोघं जन्मात भेटत नाहीत. अस्वल उत्तर ध्रुवावर, पेंग्विन पार दक्षिणेला. आणि हिमालयात तर यांतलं कुणीच नसतं. कुल्फीच्या गाडीवर बघून केलंस ना?"

बायका खळखळून हसल्या. आईसुद्धा हसली. "बघा, प्रोफेसरीणबाई घरातच आहेत आमच्या," असं म्हणून तिनं पुढच्या बाईला कुंकू लावलं. करंडा धरलेल्या हातानं पदर सावरला, तेव्हा थोडं कुंकू अस्वलाच्या पाठीवर सांडलं. ते तिनं झटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालविकाला सेमिनार होता. ती सहाच्या गाडीनं गेली.

*

समोरच्या घरातल्या साखराबाई मागच्या दारानं आल्या, त्या थेट पेटीपाशी येऊन टेकल्या. मूळ मुरुडच्या, आता सत्तरीच्या. तीस वर्षं आरास मांडायला आईच्या जोडीला असत. फरशीवरचं अस्वल बघून त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि लगेच काढला.

"झालं का समदं उघडं? म्या तिला म्हणलं हुतं, आधी मालूला इचार, मग कापड काप."

"कसलं कापड मावशी?"

साखराबाईंनी दाराकडं बघितलं. मालविकाचे वडील, दत्तोपंत, पुढच्या खोलीत पेपर चाळत बसले होते. साखराबाईंनी आवाज खाली घेतला. "छत्री हाय ती तुझ्या बापाची. तिनं कापली. म्हणली, असलं काळं कापड दुकानात भेटत न्हाई. अन् हे बाबा पावसाळा लागल्यापून छत्री हुडकायलेत. गंधारला रोज बोलणी."

पुनमनं तोंडावर हात ठेवला.

"छत्रीच्या कापडाला खळ काय धरंना," साखराबाई पुढं म्हणाल्या. "चिकटवला कापूस की घसरतंय. म्या म्हणलं, कशाला जीव काढायलीस, आत पांढरं कापड घाल, चिकटव अन् मोकळी हो. आतलं कुणाला दिसतंय? तर म्हणती कशी, कुणाला नाही दिसलं तरी मालूला माहीत असतं."

मालविकानं अस्वल उचलून मांडीवर घेतलं. आतल्या चिंध्यांमुळं ते चांगलं जड होतं.

"मावशी, त्या वर्षी मी बोलले होते. पेंग्विनवरून. नंतर काही म्हणाली का ती?"

"काय म्हणंल? दुसऱ्या वर्षी दोघांची ताटातूट केली." साखराबाई सहज म्हणाल्या. "फोटू तर पाठवत होती की तुला दर साली. बघितलं न्हाईस?"

फोटो येत होते. दर वर्षी पूजेच्या संध्याकाळी चार-पाच फोटो यायचे; सासरच्या सोळा भाज्यांच्या आणि पुरणाच्या धांदलीत ती त्यावर अंगठा टाकायची. एका वर्षी जोडलेले हात टाकले होते. ती माडीवर गेली, खाटेच्या कडेवर बसली आणि मागं मागं सरकवत गेली. फोन नवा घेताना तिनं जुनं सगळं उतरवून घेतलं होतं, म्हणून ते होते.

पहिल्या वर्षीच्या फोटोत पेंग्विन कनिष्ठेच्या बाजूला गेले होते आणि अस्वल ज्येष्ठेच्या. दुसऱ्या वर्षी दोघांच्या मध्ये आईची निळी इरकल अंथरलेली होती, तिच्यावर कागदाच्या होड्या. तिसऱ्या वर्षी हिमालय आणि पिंड मागच्या भिंतीला गेली, तिथं कुणीच प्राणी नव्हता. पाचव्या वर्षी अस्वलापुढं मासे आले. तिनं बोटांनी फोटो मोठा केला. ज्येष्ठेच्या पायाशी पुठ्ठ्याची एक पाटी होती, कनिष्ठेच्या पायाशी एक. आईच्या ठसठशीत अक्षरात: उत्तर. दक्षिण. या घरात महालक्ष्म्या पूर्वेला तोंड करून उभ्या राहतात. ज्येष्ठा उत्तरेच्या अंगाला, कनिष्ठा दक्षिणेच्या. आईनं दोघी बहिणींना पृथ्वीची दोन टोकं केलं होतं, आणि ती टोकं बरोबर होती.

दहा वर्षं. एक वर्ष सोडलं तर प्रत्येक फोटोखाली तिचा अंगठा होता.

खाली आल्यावर पुनमनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिला वाटलं नव्हतं की ती सांगण्यासारखी आहे. महालक्ष्म्या तिसऱ्या दिवशी जातात, पण आई आरास तशीच ठेवायची, अनंत चतुर्दशीपर्यंत. दत्तोपंत म्हणायचे, उंदीर होतील, काढा आता. आई म्हणायची, राहू द्या चार दिवस, सासरचं आवरलं की मालू येईल.

*

नांदेडला परतल्यावर तिनं पंढरीला विचारलं. तो उमरीचा होता.

"ह्या दिवसांत कापूस कुठला मॅडम? रानात बोंडं बी न्हाईत अजून. पण आईनं वातीसाठी ठेवलेला असंल घरी. किती पाहिजे?"

"पाव किलो."

"प्रॅक्टिकलला?"

"नाही. अस्वलाला."

पंढरीनं मान डोलावली. "लहान असंल तर भागंल पाव किलोत," तो म्हणाला, आणि सोमवारी धोतराच्या फडक्यात बांधलेला कापूस घेऊन आला. सरकीसकट होता, वर्षभर ठेवून पिवळसर झालेला. मालविका रोज संध्याकाळी बातम्या लावून सरकी काढत बसायची. अस्वलाचा खरा रंग अगदी हाच असतो, हे तिला आयुष्यभर पुस्तकांतून माहीत होतं. आई मेडिकलचा कापूस का नाकारायची, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

जावेला तिनं सांगितलं, की या वर्षी ती लातूरला जाईल. जावेनं क्षणभर बघितलं. "जा. तुमच्या वाटच्या पोळ्या मी लाटते," ती म्हणाली. एवढं सोपं होतं ते. इतकी वर्षं तिनं विचारलंच नव्हतं.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी ती कापसाची पिशवी घेऊन लातूरला पोचली. दत्तोपंतांनी पिशवीत डोकावून बघितलं.

"यंदा आरास नाही," ते म्हणाले. "महालक्ष्म्या मोडता येत नाहीत म्हणून उभ्या करायच्या. मुखवटे, नैवेद्य, आरती. वर्षाच्या आत देखावे शोभत नाहीत."

एरवी मालविकानं वाद घातला असता. शास्त्रात कुठं लिहिलंय, असं विचारलं असतं. तिच्याकडं मुद्दे असायचे आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचे. या वेळी ती आत गेली, अस्वल घेऊन आली आणि वडिलांच्या पुढं टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"आईनं अर्धं केलं होतं."

दत्तोपंतांनी चष्मा लावला. त्यांनी कापसावरून हात फिरवला, मग काळ्या कापडावरून. मग मागच्या उजव्या पायाचा तळवा वर केला. तिथं पांढऱ्या दोऱ्यानं त्यांच्या नावाची दोन आद्याक्षरं शिवलेली होती: द. वा. ऑफिसात छत्र्या बदलतात, म्हणून तीस वर्षांपूर्वी आईनंच ती शिवून दिली होती. छत्री कापताना तिनं तो तुकडा बरोबर तळव्याला आणला होता, जिथं कधी कापूस लागणार नव्हता.

त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"पावसाळाभर मी गंधारला बोललो," ते म्हणाले.

मग त्यांनी अस्वल तिच्याकडं सरकवलं. "एवढं बसव. आणि तिचे ते बल्ब. लायटिंग नको."

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी ती शिवत बसली. साखराबाई शेजारी पाय पसरून पुंजके करून देत होत्या.

"टाका केवढा घालायलीस? गोणी शिवायलीस का? तुझ्या आईचा टाका बघ, हुडकावा लागतंय."

"मला येत नाही मावशी."

"दिसतंय की. एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात सुई-दोऱ्याचं एक बी नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग काय वाचलंस," साखराबाई म्हणाल्या, आणि पुढचा पुंजका तिच्या हातावर ठेवला.

पोटाकडचा भाग तिनं शेवटी घेतला. आईची सुई अजून तिथंच टोचलेली होती. ती काढायला मन होईना, म्हणून तिनं तोच लोंबता दोरा ओढला आणि त्याच दोऱ्यानं पुढचा टाका घातला. चार टाक्यांत दोरा संपला. पुढं तिचा सुरू झाला. कुठं संपला आणि कुठं सुरू झाला, ते आंधळ्यालाही कळलं असतं. आईचा कापूस गुळगुळीत चढलेला, तिचा गाठीगाठींचा. अस्वल पुढून देखणं आणि मागून अंथरुणातून उठल्यासारखं दिसत होतं.

पूजेच्या दिवशी हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं, तरी संध्याकाळी बायका दर्शनाला आल्या. दरवर्षीसारखा गलका नव्हता. येत होत्या, ओटी भरत होत्या, चंद्रप्रभाबाईंच्या फोटोपुढं उभ्या राहत होत्या. समोर दोघी बहिणी नव्या साड्यांत उभ्या होत्या. मध्ये निळी इरकल. दक्षिणेला पाच बल्ब, उत्तरेला अस्वल. पुठ्ठ्याच्या पाट्या जुन्याच.

मागच्या गल्लीतल्या मल्लम्मा आल्या. निलंग्याकडच्या, थोराड, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. त्यांनी अस्वल निरखून बघितलं, पेंग्विन बघितले, आणि पुनमच्या हातचं कुंकू लावून घेता घेता मालविकाकडं वळल्या.

"मागं तूच म्हणली होतीस न्हवं गं, हे समदं चूक हाय म्हणून? म्या होते की तवा. लई हसलो होतो आम्ही."

पुनमचा हात थांबला. साखराबाईंनी मल्लम्मांकडं रोखून बघितलं, पण मल्लम्मांच्या चेहऱ्यावर काही टोचणं नव्हतं. त्यांना जे आठवलं ते त्या बोलल्या होत्या.

"हो, मीच म्हणाले होते," मालविका म्हणाली. "तेव्हा चूक होतं. दुसऱ्या वर्षीच आईनं बरोबर केलं. मग दर वर्षी आणखी बरोबर करत गेली. तिनं मला दाखवायला ठेवलं, आणि मी बघायला आले नाही."

"आगं, लेकीला सासर असतंय," मल्लम्मा ओशाळून म्हणाल्या.

"साडेतीन तासांवर होतं, मावशी."

पुढच्या खोलीत दत्तोपंतांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते उठून दारापर्यंत आले होते. मालविका खाली वाकली. अस्वलाच्या पाठीवर, आपल्या गाठाळ कापसावर तिनं हात ठेवला, आणि तो पुढं सरकवत मानेपर्यंत नेला, आईच्या टाक्यांवर. आईला कुल्फीच्या गाडीवरून बोलली होती, तेव्हा तिचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला होता. आताही तेवढाच मोठा पाहिजे होता.

"आई," ती म्हणाली, "अस्वल छान झालंय."